नमुने खूप झाले, आता नियम करा

प्रति,
मा. डॉ. मोहन यादव, मुख्यमंत्री,
मा. ऊर्जामंत्री,
मा. मुख्य सचिव,
मध्य प्रदेश शासन, वल्लभ भवन, भोपाळ

महोदय,

२०२५ या एकाच वर्षात आपल्या सरकारने विजेचे दोन मोठे सौदे ठरवले. मुरैना येथे बॅटरीसह उभ्या राहणाऱ्या सौर प्रकल्पाच्या लिलावात दर निघाला युनिटमागे २ रुपये ७० पैसे, तोही सकाळ-संध्याकाळी मागणी चढलेली असताना वीज देण्याच्या हमीसकट. साठवणुकीची सोय धरून सौर वीज तीन रुपयांच्या खाली उतरण्याची देशातली ही पहिलीच वेळ. त्याच वर्षी कोळशावरच्या नव्या वीज केंद्रांकडून एकूण ४,००० मेगावॅटपर्यंत वीज घेण्याची जुळवाजुळव झाली आणि तिथले दर निघाले ५ रुपये ८० पैशांच्या वर. पहिल्या सौद्याचा गाजावाजा झाला, तो व्हायलाच हवा होता. दुसऱ्या सौद्याने राज्याला तब्बल २५ वर्षांसाठी बांधून घेतले आहे.

एकाच सरकारच्या हातून असे दोन सौदे कसे होतात, हा या पत्राचा विषय आहे. मी भोपाळचा मराठी रहिवासी. १ नोव्हेंबर १९५६ ला नवे मध्य प्रदेश झाले, राजधानी नागपूरहून इथे आली आणि तिच्या फायलींमागोमाग बरीच मराठी कुटुंबेही आली. काही सचिवालयात लागली, काही भेलच्या कारखान्यात. पत्र मराठीत लिहिले आहे, त्यालाही कारण आहे. तापी आणि वर्धा बैतूल जिल्ह्यात उगम पावतात, वैनगंगा सिवनीत. सौंसर, पांढुर्णा, मुलताई, बऱ्हाणपूर इथल्या घरांत मराठी बोलली जाते. मध्य प्रदेशात पाऊसपाण्याचे आणि विजेचे जे होईल त्याची झळ सातपुड्याच्या दोन्ही अंगांना लागणार. पत्राची हिंदी प्रत आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठवत आहे.

हरितगृह वायूंचे उत्सर्जन कमी करण्याचा जवळजवळ प्रत्येक उपाय आपल्या राज्यात कुठे ना कुठे करून झालेला आहे. रीव्यात सौर प्रकल्प आहे. सांची हे ६ सप्टेंबर २०२३ पासून देशातले पहिले सौर शहर आहे. इंदूरला ओल्या कचऱ्यापासून वाहनांचा गॅस होतो. ओंकारेश्वरला नर्मदेच्या जलाशयावर सौर पट्ट्या तरंगत आहेत. पाहुणे आले की दाखवायला काही कमी पडत नाही. घोडे अडले आहे ते पुढेच. सांची ही काही हजारांची वस्ती, आणि राज्यात नगरपालिका-नगर परिषदा सुमारे चारशे. एका गावात जे जमले ते उरलेल्यांनी कोणत्या साली, कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या जबाबदारीवर करायचे, हे कुठेच बांधून दिलेले नाही. नमुना उभा राहतो, फीत कापली जाते आणि खाते पुढच्या नमुन्याकडे वळते.

रीव्याचेच उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०१७ च्या लिलावात तिथला पहिल्या वर्षाचा दर २ रुपये ९७ पैशांवर आला, तेव्हा जाणकारही चकित झाले होते. ऊन रीव्यात त्याआधीही तेवढेच पडत होते. बदलले ते सरकारचे वागणे. सुमारे १,५०० हेक्टर जागा आधी हातात घेतली, वाहिन्यांची सोय लावली, जागतिक बँकेचे स्वस्त कर्ज आणले, आणि वीज घेणाऱ्याने पैसे थकवले तर ते कोण देणार हे करारातच लिहून दिले. गुंतवणूकदाराच्या मनातली भीती गेली, तसे व्याज उतरले आणि दरही उतरला. १० जुलै २०२० ला ७५० मेगावॅटचा तो प्रकल्प राष्ट्राला अर्पण झाला. त्यातली जवळजवळ पाव वीज दिल्लीची मेट्रो घेते. पुढे २०२१ मध्ये नीमचच्या लिलावात दर २ रुपये १५ पैशांच्या आसपास आला. स्वच्छ वीज स्वस्त करणे हे धोरणाचे काम आहे आणि ते आपल्याच अधिकाऱ्यांनी देशाला शिकवले. तेव्हा 'आम्हाला जमत नाही' ही सबब मध्य प्रदेशाला तरी सांगता येणार नाही.

आता दुसरा सौदा. कोळशाच्या बाजूने आपले अधिकारी जे सांगतात त्यात तथ्य आहे. मुरैनाची बॅटरी संध्याकाळ निभावेल, सबंध रात्र नाही. राज्याची विजेची मागणी उन्हाळ्यात नव्हे, तर डिसेंबर-जानेवारीत शिखरावर जाते आणि ती १८,००० मेगावॅटच्या पुढे गेलेली आहे. थंडीत पंखे बंद, कूलर बंद, तरीही मागणी चढते, कारण तेव्हा गव्हाला पाणी द्यायचे असते. मध्य प्रदेशाच्या विजेचे कोडे सुटायचे तर या एका गोष्टीपासून सुरुवात करावी लागेल.

एक साधा हिशेब मांडतो. पाच अश्वशक्तीच्या मोटरला शेतकरी वर्षाला अश्वशक्तीमागे ७५० रुपये, म्हणजे ३,७५० रुपये भरतो. मोटर तासाला पावणेचार युनिट खाते. रोजची दहा तास वीज धरली आणि रब्बीचे शंभर दिवस धरले, तर पावणेचार हजार युनिट होतात. म्हणजे शेतकऱ्याला वीज पडली रुपयाला युनिट. ती तयार करून शेतापर्यंत आणायला लागणारा उरलेला खर्च अनुदान म्हणून सरकारी तिजोरीतून जातो. देशाच्या जाळ्यातल्या विजेच्या युनिटमागे सरासरी सातशे ग्रॅम कर्बवायू धरला, तर त्या एका मोटरपोटी अडीच टनांहून जास्त कर्बवायू हवेत गेला. मोटर मीटरवर नसल्याने पाणी बेताने सोडण्याचे कारण शेतकऱ्याकडे उरत नाही. जमिनीतले पाणी आणखी खाली जाते आणि पुढच्या वर्षी मोटर आणखी मोठी लागते.

आणि एवढे करून वीज येते कधी? दहा तासांतले काही तास रात्रीचे. सीहोर किंवा हरद्याच्या शिवारात पौषातल्या रात्री एक वाजता जाऊन बघा. कानाला मफलर, एका हातात विजेरी, दुसऱ्या हातात फावडे, पाय पोटरीपर्यंत गार पाण्यात, अशी माणसे थ्री फेजची वाट बघत बांधावर उभी असतात. सापाचे आणि जनावराचे भय वेगळेच. रात्रीचे ओलित शेतकऱ्याने मागितलेले नाही. कोळशाची केंद्रे रात्री रिकामी राहू नयेत, या जुन्या सोयीपायी ते त्याच्या गळ्यात पडले. सूर्य मावळल्यावर शेतीला वीज द्यायची, आणि मग रात्रीची मागणी भागवायला नवी केंद्रे बांधायची, असे हे चक्र आहे.

ते तोडायचे साधन आपल्या हातात आहे. शेतीच्या वाहिन्या मध्य प्रदेशाने गावठाणापासून कधीच वेगळ्या केल्या. आता प्रत्येक उपकेंद्राजवळ त्या वाहिन्यांपुरता सौर प्रकल्प उभा करायचा आणि शेताला वीज दिवसा द्यायची. महाराष्ट्राने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली, २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आणली आणि १६,००० मेगावॅटचे लक्ष्य ठेवले. तिथेही जमिनीचे तंटे आहेत, कामे रेंगाळतात, पण लक्ष्य राज्याएवढे मोठे आहे. आपली सूर्यमित्र कृषी फीडर योजना त्याच वाटेवरची आहे. तिला एक तारीख हवी: अमुक वर्षानंतर मध्य प्रदेशात एकाही शेती वाहिनीवर रात्रीची वीज असणार नाही. हे झाले की हिवाळ्यातली रात्रीची मागणी उतरेल आणि नवा कोळसा नेमका किती लागतो याचा हिशेब नव्याने करता येईल. तो हिशेब करार करण्याआधी व्हायला हवा होता. अशा करारांत वीज उचलली नाही तरी स्थिर आकार भरावाच लागतो. उद्या वीज नकोशी झाली तरी बिल चुकणार नाही आणि ते शेवटी घरगुती ग्राहकाच्या माथी येईल. उत्तर प्रदेशाशी सहा-सहा महिने सौर वीज वाटून घेण्याची मुरैनाचीच दुसरी योजना आहे. आपली मागणी हिवाळ्यात, त्यांची उन्हाळ्यात, म्हणून ती शक्य झाली. असे डोके जिथे चालते, तिथे पाव शतकाचे कोळसा करार अधिकच खटकतात.

अनूपपूरची नवी केंद्रे, सारणी आणि चचाई इथले ६६० मेगावॅटचे नवे संच, आणि आधीपासूनची सिंगरौली हे सगळे एकत्र पाहिले पाहिजे. विंध्याचल हे ४,७६० मेगावॅटचे देशातले सर्वांत मोठे औष्णिक केंद्र तिथे आहे, ३,९६० मेगावॅटचे सासन आहे, आणि कोळशासाठी मोरवासारखे नांदते शहर उठवायला घेतले आहे. विंध्याचलला २०२२ मध्ये दिवसाला २० टन कर्बवायू पकडणारे संयंत्र बसवले गेले. प्रयोग म्हणून ते ठीक. पण ते केंद्र पुऱ्या जोराने चालले तर दिवसाला लाखभर टन कर्बवायू बाहेर पडतो. वीस टनांच्या भरवशावर पुढची वीस वर्षे काढता येणार नाहीत.

विजेनंतर नरवाई. गव्हाच्या कापणीनंतर उरलेली धसकटे पेटवण्यात मध्य प्रदेश देशात पुढे आहे. २०२४ च्या खरिपानंतर तर भाताचे अवशेष जाळण्याच्या घटनांत आपण पंजाबलाही मागे टाकले. दिल्लीच्या धुरात पंजाबचे नाव गाजते. नर्मदापुरम, रायसेन, विदिशाचा धूर दिल्लीला जात नाही, म्हणून त्याची बातमी होत नाही. त्यातून निघणारा मिथेन, नायट्रस ऑक्साइड आणि काजळी मात्र तितकीच घातक. सरकारने १ मे २०२५ पासून कडक पाऊल उचलले: नरवाई जाळणाऱ्याला मुख्यमंत्री किसान कल्याण योजनेचा लाभ नाही आणि हमीभावाने खरेदीही नाही.

दंडाला माझा विरोध नाही. पण शेतकरी काडी का लावतो, ते दंड लावण्याआधी बघायला हवे. हार्वेस्टर फूटभर धसकट ठेवून जातो. त्याच शेतात लगोलग उन्हाळी मूग पेरायचा असतो. पावसाच्या आत मूग निघाला तरच पैसे. मधे मिळतात ते मोजके दिवस. तवा धरणाच्या कालव्याला मुगासाठी पाणी सुटते ते याच दिवसांत. मूग वाढला तो सरकारी पाणी आणि सरकारी खरेदी यांच्या आधारावर. म्हणजे घाई सरकारी धोरणाने लावली, आणि घाईत काडी लावणाऱ्याला दंड करणारेही सरकारच. सुपर सीडर धसकटातच पेरणी करतो, स्ट्रॉ रीपर भुसा गोळा करतो. यंत्रे आहेत, पण लहान शेतकऱ्याच्या बांधावर ती वेळेला पोहोचत नाहीत. तेव्हा नियम हार्वेस्टरवाल्याला लावा: सोबत भुसा यंत्र नसेल तर कापणीचा परवाना नाही. काही जिल्हाधिकारी आपापल्या जिल्ह्यात असे आदेश काढतात. ते राज्यभर एकसारखे, कापणीच्या महिनाभर आधी आणि भाड्याच्या दरासह निघू द्या. आणि कालव्याच्या पाण्याचा पहिला हक्क नरवाई न जाळणाऱ्या गावाला द्या. पाण्याचे आमिष दंडाच्या धाकापेक्षा जास्त काम करेल.

तिसरी गोष्ट बसची. मराठी वाचकाला हे खरे वाटणार नाही, पण मध्य प्रदेशाला गेली वीस वर्षे एसटीच नाही. राज्य परिवहन निगम २००५ मध्ये तोट्यापायी बंद केले गेले. महाराष्ट्रात लालपरीचे कितीही हाल असोत, आडगावच्या फाट्यावर ती येते. इथे खासगी बस भरली तर निघते आणि जिथे प्रवासी कमी तिथे जातच नाही. परिणाम काय झाला, ते भोपाळच्या कोणत्याही रस्त्यावर दिसते. ज्याला परवडले त्याने दुचाकी घेतली, आणि दुचाकीवाल्याला पुन्हा बसमध्ये बसवणे फार कठीण असते. आपल्या मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवेला मंजुरी दिली, हे स्वागतार्ह आहे. वीस वर्षांची चूक दुरुस्त करण्याची ही संधी आहे. त्यात एक अट घाला: अमुक लोकसंख्येच्या प्रत्येक गावाला दिवसातून किमान इतक्या फेऱ्या. नफ्याच्या मार्गांवर गर्दी आणि तोट्याच्या मार्गांवर शुकशुकाट, असे झाले तर सेवा नावालाच उरेल.

भोपाळ शहराची कथा याहून वेगळी नाही. २०१३ मध्ये मिसरोद ते बैरागढ असा २४ किलोमीटरचा बीआरटीएस मार्ग सुरू झाला. साडेतीनशे कोटींच्या वर खर्च झाला. जानेवारी २०२४ मध्ये तो उखडायला सुरुवात झाली. त्याच्या आखणीत दोष होते, हे खरे. पण बससाठी राखलेली मार्गिका गेली आणि ती जागा मोटारींना मिळाली. बसला तिच्या बदल्यात काय मिळाले, याचे उत्तर कोणी दिले नाही. डिसेंबर २०२५ मध्ये सुभाषनगर ते एम्स अशी सुमारे सात किलोमीटरची मेट्रो सुरू झाली. कोलार रोडला किंवा करोंदला राहणाऱ्याने त्या स्थानकापर्यंत यायचे कसे? केंद्राच्या पीएम ई-बस सेवेत राज्याच्या सहा शहरांना ५५२ विद्युत बस मंजूर झाल्या, त्यांतल्या १०० भोपाळच्या. मेट्रोच्या प्रत्येक स्थानकाला जोडणाऱ्या फेऱ्या त्यांतून आधी निघाव्यात. उत्सर्जन मेट्रोच्या खांबांनी कमी होत नाही. माणूस घरातून दुचाकीची किल्ली न घेता निघाला, तर होते.

कचऱ्याबाबत थोडक्यात लिहितो, कारण उत्तर दोनशे किलोमीटरवर इंदूरला तयार आहे. १९ फेब्रुवारी २०२२ ला तिथे दिवसाला ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा प्रकल्प सुरू झाला. रोज सुमारे १७ टन जैव-सीएनजी आणि १०० टन खत निघते. कचरा उघड्यावर कुजला की मिथेन सुटतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कर्बवायूच्या अठ्ठावीस पट तापवतो. आमच्या आदमपूर छावणीच्या कचऱ्याच्या डोंगराला मात्र वरचेवर आग लागते. इंदूरच्या यशाचे गमक यंत्रात कमी आणि घरोघरी वेगळा केलेल्या कचऱ्यात जास्त आहे. हा शिरस्ता राजधानीत का रुजत नाही, हे महापालिकेला विचारा. पैशाचे उत्तरही इंदूरनेच दिले आहे. जलूदहून नर्मदेचे पाणी उपसायला लागणाऱ्या विजेसाठी ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायचा म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये इंदूर महापालिकेने हरित रोखे काढले आणि लोकांकडून २४४ कोटी रुपये उभे केले. नर्मदेचे पाणी भोपाळही उपसते. रोख्यांना सरकारची हमी मिळाली, तर जबलपूर, ग्वाल्हेर, उज्जैनही हे करू शकतील.

जंगलाविषयी बोलायलाच हवे, कारण उत्सर्जनाचा विषय निघाला की आपले मंत्री जंगलाकडे बोट दाखवतात. मध्य प्रदेशात ७७,०७३ चौरस किलोमीटर वनाच्छादन आहे, देशात सर्वांत जास्त. मात्र हा आकडा ज्या भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालात आहे, त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे: वन आणि वृक्षाच्छादन मिळून सर्वाधिक घट झालेले राज्यही मध्य प्रदेशच, ६१२ चौरस किलोमीटर. मुद्दल कमी होत असताना व्याजावर चैन करणाऱ्याला कोणी शहाणा म्हणत नाही.

१४ जुलै २०२४ ला इंदूरने एका दिवसात १२ लाखांहून जास्त रोपे लावून विश्वविक्रम केला. त्याच्या महिनाभर आधी भोपाळच्या शिवाजीनगर आणि तुलसीनगरमध्ये आमदार-मंत्र्यांच्या नव्या निवासांसाठी २९,००० झाडे तोडण्याचा घाट घातला गेला होता. बायाबापड्या उन्हात रस्त्यावर आल्या, झाडांना मिठ्या मारून उभ्या राहिल्या, तेव्हा योजना मागे घेतली गेली. सरकारने ऐकले, याबद्दल आभार. पण दर वेळी लोकांनीच झाडाला मिठी मारायची का? अयोध्या बायपासच्या रुंदीकरणाचा वादही अखेर हरित लवादापुढे गेला. चाळीस वर्षांच्या कडुनिंबाचे काम करायला रोपाला चाळीस वर्षे लागतात, आणि तीही ते जगले तर. तेव्हा नियम असा असावा: शहरात अमुक संख्येहून जास्त झाडे तोडायची असतील तर आराखडा आधी प्रसिद्ध करा, पर्यायी जागा दाखवा, जनसुनावणी घ्या. आणि लावलेल्या रोपांची मोजणी लागवडीच्या दिवशी न करता तिसऱ्या वर्षी करा.

कोळशावरून उतरायचे म्हटले की एक प्रश्न रास्तपणे विचारला जातो: कोळशावर जगणाऱ्यांचे काय? याचे उत्तर शोधायला बैतूल जिल्ह्यातल्या सारणी-पाथाखेड्याला जा. तिथले जुने संच बंद झाले, खाणी एकेक करून संपत आल्या. मुलताईकडच्या मराठी घरांतली दोन पिढ्यांची नोकरी त्यावर होती. आता पोरे कामासाठी नागपूर आणि पुणे गाठतात, बाजारपेठ ओस पडते आणि कंपनीच्या वसाहतीत कुलपे दिसतात. हे हवामान धोरणामुळे झालेले नाही, कोळसा आणि यंत्रे दोन्ही म्हातारी झाली म्हणून झाले. सिंगरौलीवर ही वेळ उद्या ना परवा येणारच आहे. २०१५ पासून प्रत्येक खाण जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी जमतो आणि सिंगरौलीत तो मोठा आहे. त्यातला ठरावीक वाटा कामगारांच्या नव्या प्रशिक्षणासाठी आणि बंद खाणींच्या जमिनीवर सौर प्रकल्प व साठवणूक केंद्रे उभारण्यासाठी आजपासून बाजूला काढा. खाण बंद झाल्यावर समिती नेमण्यात अर्थ नसतो.

कोणी म्हणेल, गरीब राज्याने हे ओझे का उचलावे? अमेरिका-युरोपने दीडशे वर्षे धूर सोडला, त्यांना विचारा. हे म्हणणे न्यायाचे आहे आणि आंतरराष्ट्रीय परिषदांत भारताने ते ठासून मांडलेच पाहिजे. पण वर मांडलेल्या यादीतले ओझे कोणते? २ रुपये ७० पैशांची वीज हे ओझे नाही, ५ रुपये ८० पैशांची आहे. शेतकऱ्याला दिवसा पाणी देता येणे, गावाला बस मिळणे, आदमपूरचा धूर थांबणे, यांत गरिबाचे काय जाते? भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचा शब्द दिला आहे. विजेच्या एकूण स्थापित क्षमतेतला निम्मा वाटा बिगर-जीवाश्म स्रोतांचा असावा हे २०३० चे लक्ष्य होते, ते देशाने २०२५ च्या मध्यालाच गाठले. दिल्लीने दिलेला शब्द शेवटी राज्यांच्या उपकेंद्रांत, आगारांत आणि शेतांतच पाळला जाणार.

भोपाळला आणखी एक गोष्ट चांगली ठाऊक आहे. युनियन कार्बाइडच्या आवारातला ३३७ टन विषारी कचरा इथून हलला तो १ जानेवारी २०२५ च्या रात्री, वायुदुर्घटनेला चाळीस वर्षे झाल्यावर. ज्यांनी घाण केली ते निघून गेले. निस्तरायला राहिले ते त्या वेळी जन्मालाही न आलेले लोक. आज सही होणारा कोळशाचा करार संपेल तेव्हा २०५० उलटलेले असेल. सही करणाऱ्यांपैकी तेव्हा कोणी पदावर नसेल. म्हणून त्या सहीआधी हिशेब लेखी आणि जाहीर असावा, एवढेच या शहराचे मागणे आहे.

तेव्हा माझ्या मागण्या अशा:

१. दरवर्षी अर्थसंकल्पासोबत उत्सर्जनाचा ताळेबंद विधानसभेत मांडावा: कोणत्या खात्याचे किती टन, गेल्या वर्षीपेक्षा किती कमी-जास्त. राज्याचा हवामान कृती आराखडा एप्को या सरकारी पर्यावरण संस्थेने कधीच केला आहे. त्याला आकड्यांची आणि उत्तरदायित्वाची जोड द्यावी.

२. मंत्रिमंडळापुढे येणाऱ्या प्रत्येक मोठ्या प्रस्तावात खर्चाच्या रकान्याशेजारी एक रकाना असावा: यातून किती टन उत्सर्जन, किती वर्षे. वीज खरेदीच्या करारांपासून सुरुवात करावी, आणि कोळशाचे जे करार अजून कागदावरच आहेत त्यांची छाननी याच रकान्याने करावी.

३. शेती वाहिन्यांवरची रात्रीची वीज बंद होण्याचे वर्ष जाहीर करावे, आणि जिल्हावार किती वाहिन्या सौर झाल्या ते दर तीन महिन्यांनी छापावे.

४. हार्वेस्टरसोबत भुसा यंत्राची सक्ती, सुगम परिवहन सेवेत किमान फेऱ्यांची हमी, वृक्षतोडीआधी जनसुनावणी आणि खनिज निधीतला कामगारांचा वाटा, हे चारही नियम अधिसूचनेने लागू करावेत.

यातल्या एकाही मागणीसाठी परदेशी तंत्र लागत नाही की दिल्लीची परवानगी. पहिल्या दोन मागण्यांना तर पैसाही लागत नाही, प्रस्तावाच्या नमुन्यात एक रकाना वाढवावा लागतो. येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात तो ताळेबंद सभागृहाच्या पटलावर ठेवावा. आकडे वाईट निघाले तरी चालतील. पुढच्या वर्षीचे आकडे त्यांच्याशी ताडून बघायला आम्ही नागरिक इथेच आहोत.

कळावे,

आपला विश्वासू,
भोपाळचा एक मराठी नागरिक